म्हशीचा माज आणि नेब्रास्काचं घड्याळ

“सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.” अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरमध्ये, कुठल्याही गावच्या डेअरीवर कॅन घेऊन आलेल्या माणसाला विचारा, हा नियम त्याला तोंडपाठ असतो. कुणी सांगितला? डॉक्टरांनी. डॉक्टरांना कुणी? कॉलेजच्या पुस्तकाने. पुस्तकात कुठून आला? इथे बहुतेकांचं उत्तर संपतं. पीएच.डी.च्या तयारीत असाल तर हा एक चांगला सराव आहे. रोजच्या वापरातला एखादा नियम पकडायचा आणि तो जिथून निघाला तिथपर्यंत मागे मागे जायचं. या नियमाच्या मागे गेलं तर आपण राहुरीला किंवा पुण्याला थांबत नाही, थेट अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात पोचतो. आणि तिथे म्हैस नाही.

१९४० च्या दशकात नेब्रास्का विद्यापीठात जॉर्ज ट्रिम्बर्गर यांनी एक साधा पण अंगमेहनतीचा प्रश्न हाती घेतला. गाय माजावर आल्यावर कोणत्या टप्प्याला कृत्रिम रेतन केलं तर ती गाभण राहण्याची शक्यता सर्वात जास्त? याचं उत्तर टेबलावर बसून मिळत नाही. गायींवर नजर ठेवायची, माज कधी सुरू झाला ते लिहायचं, ठरावीक तासांनी गुदमार्गातून हात घालून अंडाशय चाचपायचं, स्त्रीबीज कधी सुटलं ते नोंदवायचं, आणि पुढे कोणती गाय गाभण राहिली याचा हिशेब लावायचा. १९४३ मध्ये त्यांचा आणि डेव्हिस यांचा लेख आला, १९४८ मध्ये ट्रिम्बर्गर यांची सविस्तर पुस्तिका. निष्कर्ष असा की माजाच्या अगदी सुरुवातीला केलेलं रेतन फारसं यशस्वी होत नाही, माजाच्या मध्यापासून शेवटापर्यंत केलेलं चांगलं ठरतं, आणि स्त्रीबीज सुटून गेल्यावर केलं तर यशाचं प्रमाण झपाट्याने खाली येतं.

कारण समजायला सोपं आहे. शुक्राणूला गर्भाशयात सोडल्यावर लगेच फलन करता येत नाही. त्याला वर गर्भनलिकेपर्यंत पोचायला आणि फलनक्षम व्हायला काही तास लागतात. उलट स्त्रीबीज सुटल्यावर फार तर आठ-दहा तास टिकतं. म्हणजे शुक्राणू आधी जाऊन वाट पाहत बसलेला हवा. गाईचा माज साधारण १८ तासांचा आणि स्त्रीबीज सुटतं माज संपल्यावर दहा-बारा तासांनी. दूध दिवसातून दोनदा काढतात, त्या दोन वेळांना माणूस हमखास गोठ्यात असतो. मग या सगळ्या आकडेमोडीचं “सकाळ-संध्याकाळ” असं सुटसुटीत रूप झालं. नियम म्हणून तो अप्रतिम आहे. लक्षात ठेवायला सोपा, आणि चूक झाली तरी थोडक्यात भागतं.

पण नियमाला एक अट आहे, आणि ती वाक्यात कुठेच दिसत नाही. घड्याळ शून्यावर कधी लावायचं? ट्रिम्बर्गर यांच्याकडे मोकळ्या फिरणाऱ्या गायी होत्या आणि लक्ष ठेवणारी माणसं होती. दुसरी गाय अंगावर चढली आणि ही हलली नाही, उभीच राहिली, की माज सुरू झाला असं धरता येत होतं. तो शून्य तास. पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

आता भारतात येऊ. आपल्याकडे कृत्रिम रेतनाची सुरुवात १९३९ ची, म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी केलेली. १९४२ पासून इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत पी. भट्टाचार्य यांच्या देखरेखीखाली पद्धतशीर काम सुरू झालं, आणि त्यानंतर कलकत्ता, बंगळूर, पाटणा आणि माँटगोमेरी इथे केंद्रं निघाली (माँटगोमेरी आता पाकिस्तानात, साहिवाल नावाने). कृत्रिम रेतनातून जन्मलेलं भारतातलं पहिलं रेडकू अलाहाबादच्या कृषी संस्थेत १९४३ साली झालं. वर्ष पाहिलंत? ट्रिम्बर्गर आणि डेव्हिस यांचा लेख त्याच वर्षीचा. म्हणजे म्हशीत रेतन करायचं तंत्र आणि गाईत ते कधी करायचं याचा नियम, दोन्ही एकाच वेळी तयार झाले. म्हशीचा स्वतःचा नियम मात्र कुणीच तयार केला नव्हता. हाताशी होता तो वापरला गेला. त्या काळात मीही तेच केलं असतं.

पहिली काही वर्षं प्रश्न वेळेपेक्षा अंतराचा होता. अंड्याचा बलक घातलेल्या द्रावणात मिसळून थंड ठेवलेलं वीर्य दोन-तीन दिवसच कामाचं राहायचं. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वात मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त. बर्फाच्या थर्मासमधलं वीर्य अकोल्याच्या डोंगरात किंवा जामखेडच्या टोकाला कसं पोचायचं? ही अडचण गोठीत वीर्याने सोडवली. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना ग्लिसरॉलमुळे शुक्राणू गोठवूनही जगतात हे कळलं, तेही बाटलीवरच्या चिठ्ठीच्या घोळामुळे. साखरेचं द्रावण समजून जे वापरलं त्यात ग्लिसरॉल निघालं. नंतर उणे १९६ अंश तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन आला आणि बारीक नळीसारखी कांडी आली. आता वीर्य वर्षानुवर्षं टिकू लागलं. म्हशीच्या बाबतीत इथेही थोडं मागेच राहावं लागलं, कारण रेड्याच्या शुक्राणूचं आवरण गोठवणं-वितळवणं वळूच्या शुक्राणूइतकं सोसत नाही.

नगर जिल्ह्यात हे तंत्र ज्या काळात रुजलं तो काळ गाईचा होता. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. पुढे कारखान्यांभोवती ऊस, उसाचं वाढं, कालव्याचं पाणी आणि सहकाराची सवय असं सगळं जमून आलं. १९६७ मध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यात उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी ‘बाएफ’ स्थापन केली. त्यांचा मोठा बदल असा की जनावर दवाखान्यात न्यायचं नाही, रेतन करणारा माणूस मोटारसायकलवरून शेतकऱ्याच्या दारात येणार. १९६८ च्या कृषी विद्यापीठातून पुढे राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ उभं राहिलं, आणि तिथल्या गो संशोधन प्रकल्पातून होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तिघींचं रक्त असलेली ‘फुले त्रिवेणी’ आली. संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात आज गोठ्यागोठ्यात संकरित गायी दिसतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

यात म्हशीचं काय झालं? संकरित गाय जास्त दूध देते, लवकर वयात येते, हे तर आहेच. पण मला वाटतं आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्यावर फारसं कुणी लिहीत नाही. संकरित गाईचा माज उघडउघड असतो. ती हंबरते, दुसऱ्यांवर चढते, काचेसारखा स्वच्छ बळस शेपटीखाली लोंबत राहतो. दोन पिढ्यांचे डोळे आणि कान या चिन्हांवर तयार झाले. शेतकऱ्याचे, रेतन करणाऱ्यांचे आणि खरं सांगायचं तर आम्हा संशोधकांचेही. मग तेच डोळे घेऊन आपण म्हशीपुढे उभे राहिलो आणि म्हणालो, हिला माजच येत नाही.

“मुका माज” हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मला तो थोडा अन्यायाचा वाटतो. खरोखर मुका माज असतो, म्हणजे स्त्रीबीज सुटतं पण बाहेर काहीच दिसत नाही, हे खरं. पण त्या नावाखाली जे काही जमा केलं जातं त्यातलं बरंच म्हैस बोललेली असते, फक्त ऐकायला कुणी नसतं. म्हशी एकमेकींवर क्वचितच चढतात. माजाची चिन्हं बहुतेक रात्री आणि पहाटे दिसतात. बळस कमी असतो आणि तो लोंबत नाही, आतच साठतो. म्हैस खाली बसली की दाबाने बाहेर येतो आणि शेणात मिसळून जातो. शिवाय थोडं रेकणं, सारखं सारखं मुतणं, एखाद्या वेळी दूध चोरणं. एवढंच.

मी पशुवैद्यक नाही, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून या विषयात आले. त्यामुळे गोठ्यात माज सर्वात आधी कोण ओळखतं हे मला पुस्तकातून नाही, विचारत फिरताना कळलं. पहाटे शेण काढणारी बाई. तिला जमिनीवरचा बळस दिसतो. पण डॉक्टरांना फोन करायचा तो घरातला पुरुष, आणि तो उठून दूध घालून परत येईपर्यंत जमीन झाडून झालेली असते. संशोधनाच्या प्रश्नावलीत “माज कधी दिसला?” असा रकाना असतो. “कुणाला दिसला?” असा बहुधा नसतो. तुमच्या प्रश्नावलीत घाला.

आता गणित करू, कारण मुद्दा इथेच आहे. म्हशीत माज सुरू झाल्यापासून स्त्रीबीज सुटेपर्यंतचा काळ सरासरी तीस तासांच्या आसपास धरतात. पसारा मोठा आहे, पण सरासरी गाईपेक्षा फार वेगळी नाही. म्हणजे नेब्रास्काचा नियम म्हशीला लागू नाही असं म्हणणं चूक ठरेल. समजा माज रात्री ११ वाजता सुरू झाला. सकाळी ६ ला दिसला, नियमाप्रमाणे संध्याकाळी ६ ला रेतन केलं. तो झाला १९ वा तास. स्त्रीबीज सुटायला अजून ११ तास आहेत. उत्तम. पण समजा पहाटे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि संध्याकाळी धारेच्या वेळी म्हैस रेकली म्हणून कळलं. नियम काय सांगतो? उद्या सकाळी. सकाळी १० ला डॉक्टर आले. तो झाला ३५ वा तास. स्त्रीबीज सुटून पाच तास झालेत आणि शुक्राणू अजून तयारही व्हायचे आहेत. शेतकऱ्याने नियम पाळला, डॉक्टरांनी पाळला, कांडी चांगली होती, आणि म्हैस २१ दिवसांनी उलटली.

नियम बरोबर होता, शून्य तास चुकीचा होता.

याची किंमत कोण मोजतं ते पाहा. एक माज हुकला की २१ दिवस गेले. असे तीन-चार हुकले की म्हैस भाकड काळात उभी राहते, आणि खाणं चालूच असतं. दोन-तीन म्हशींच्या घरात हे परवडत नाही. मग ती बाजारात जाते. नेवासा तालुक्यातल्या घोडेगावच्या बाजारात म्हशीबद्दल पहिले प्रश्न दोनच असतात: कितव्या वेताची, आणि गाभण किती महिन्यांची. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर भाव पडतो. चांगल्या दुधाची म्हैस केवळ काही तासांच्या चुकीने खाटकाकडे जाऊ शकते, आणि तिच्याबरोबर तिचा वंशही.

पूर्वी हा हिशेब रेडा करायचा. त्याला वास कळतो, रात्र असो की दिवस. पण वर्षभर रेडा पोसणं एका घराला झेपत नाही, आणि गावाचा सामाईक रेडा हळूहळू दिसेनासा झाला. म्हणजे कृत्रिम रेतन आलं तेव्हा आपण नुसता वीर्याचा स्रोत बदलला नाही, माज ओळखणारंही काढून टाकलं. मोठ्या फार्मवर नसबंदी केलेला रेडा फक्त माज शोधण्यासाठी ठेवतात. दोन म्हशींच्या मालकाला ते सांगण्यात अर्थ नाही.

म्हशीच्या आत खरोखर काय चाललंय हे कळायला हार्मोन मोजता यायला हवे होते, आणि मग ते बाहेरून देताही यायला हवे होते. गंमत अशी की या दोन्ही गोष्टींना १९७७ च्या एकाच नोबेल पारितोषिकाने गौरवलं. निम्मं पारितोषिक रोझलिन यॅलो यांना मिळालं, किरणोत्सारी खूण लावून रक्तातले अतिसूक्ष्म हार्मोन मोजण्याच्या पद्धतीसाठी. उरलेलं निम्मं रोजे गियमँ आणि अँड्रू शॅली यांना, मेंदूतल्या नियंत्रक हार्मोनांच्या शोधासाठी. त्यातला एक म्हणजे जीएनआरएच, जो शेवटी स्त्रीबीज सोडायचा हुकूम देतो. त्याची रचना १९७१ मध्ये कळली, आणि त्यासाठी शॅली यांच्या गटाने लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूतले तुकडे गोळा केले होते. त्या धडपडीमागे म्हैस अर्थातच कुणाच्या मनात नव्हती.

यॅलो यांच्या पद्धतीने दुधातला प्रोजेस्टेरॉन मोजता येऊ लागला. माजाच्या दिवशी तो जवळजवळ शून्य असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मिळून आशियाभर, म्हशींसह, ही तपासणी पोचवली. तिच्यातून एक अप्रिय गोष्ट पुढे आली. रेतनाच्या दिवशीच्या काही नमुन्यांत प्रोजेस्टेरॉन भरपूर होता. म्हणजे ते जनावर त्या दिवशी माजावर नव्हतंच. तास चुकला नव्हता, दिवसच चुकला होता. आणि उलट बाजूने, “माज येत नाही” म्हणून लिहिलेल्या काही म्हशींचं चक्र आतून नीट चालू होतं.

मग प्रश्नच उलटा विचारला गेला. माज शोधण्याऐवजी तो घडवून आणला तर? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून पर्सली, मी आणि विल्टबँक यांनी ‘ओव्हसिंक’ नावाचा प्रोटोकॉल मांडला. पहिल्या दिवशी जीएनआरएचचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे असलेला मोठा पुटक फुटतो आणि नवी लाट सुरू होते. सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे पीतपिंड विरघळतो आणि प्रोजेस्टेरॉनचा लगाम सुटतो. त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच, आणि १६ ते २० तासांनी रेतन. माज दिसो अथवा न दिसो. शून्य तास आता म्हशीकडे नाही, सिरिंजमध्ये आहे.

पुन्हा नियम गाईचाच! पण या वेळी म्हशीवर काम करणारे लोक तो जसाच्या तसा उचलून थांबले नाहीत, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. ब्राझीलमध्ये बारुसेली आणि सहकाऱ्यांनी, इटलीत नेपल्सच्या गटांनी आणि भारतातल्या अनेक संस्थांनी तो म्हशींवर तपासून पाहिला. म्हशीचं चक्र चालू असेल तर तो चांगला चालतो. चक्र बंद असेल, म्हणजे उन्हाळ्यात, तर पहिल्या इंजेक्शनला फोडायला योग्य पुटकच नसतो आणि पुढची साखळी कोसळते. तेव्हा प्रोजेस्टेरॉन सोडणारं साधन काही दिवस योनीमार्गात ठेवावं लागतं आणि जोडीला दुसरा हार्मोन द्यावा लागतो. खर्च वाढतो.

ऋतूचा हा प्रश्न आपल्याकडे सर्वांना माहीत आहे, फक्त वेगळ्या शब्दांत. म्हशी पावसाळ्याच्या शेवटी व्यायतात. म्हैस गाभण राहते साधारण ३१० दिवस. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरली तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्यायली. दिवस लहान होऊ लागले की तिचं चक्र जोर धरतं, उन्हाळ्यात मंदावतं. इथे परदेशी लेख वाचताना सावध राहा. इटलीचा म्हशींचा पट्टा ४० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, तिथे उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा दिवस यात मोठा फरक पडतो. शिवाय त्यांना उन्हाळ्यात मोझरेलाला मागणी असते, म्हणून ते मुद्दाम उलट्या ऋतूत म्हशी भरवतात. आपण १९ अंशावर. दिवसाच्या लांबीत दोन-सव्वादोन तासांचाच फरक. मग पारनेर किंवा पाथर्डीची म्हैस एप्रिलमध्ये गप्प बसते ती प्रकाशामुळे, उष्णतेमुळे, की त्या महिन्यांत तिच्यापुढे नुसता कडबा असतो म्हणून? तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलतात, आणि त्या वेगळ्या करून दाखवणारा प्रयोग आखणं अवघड आहे. कुणाला विषय हवा असेल तर हा आहे. पाण्याची सोय असलेला आणि नसलेला गोठा एकाच गावात मिळतो, हिरवा चारा असलेला आणि नसलेलाही. सूर्य मात्र दोघांना सारखाच.

आणि एक बारीकशी गोष्ट. ओव्हसिंकमध्ये दुसरं जीएनआरएच संध्याकाळी ६ ला दिलं तर १६ तासांनी दुसऱ्या दिवशी सकाळचे १० वाजतात. म्हणजे दवाखान्याची वेळ. डॉक्टरांना रात्री उठावं लागत नाही, घरातल्या बाईला पहाटे कंदील घेऊन शेणात बळस शोधावा लागत नाही. थंडीच्या दिवसांत, चक्र चालू असलेल्या म्हशीत, हे जमतं. एप्रिल-मेमध्ये अजून तोच जुना प्रश्न गोठ्यात उभा असतो.